अल्पशा आजाराने

कार्ड छापून आलं तेव्हा गुणवंती मोरीत बसून भांडी घासत होती. तिचे दीर, नाना, कपाळावरचा चष्मा खाली ओढून दारातच वाचायला लागले. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचा मुलगा कालकथित प्रफुल्ल, वय एकतीस, याचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम व आदरांजली सभा येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता चाळीच्या बुद्धविहारात..."

"कसला आजार?" गुणवंतीने हात न थांबवता विचारलं.

"वैनी, असंच घालायची पद्धत आहे."

"पद्धत ठाऊक आहे मला. आजाराचं नाव विचारते."

नाना घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "प्राचीचं कल्याणला जमत आलंय. त्या लोकांना काय सांगायचं, भावानं स्वतःच्या हातानं... जाऊ दे. तो गेला. मागं राहिलीय तिचं बघायला नको?"

गुणवंतीने कढई उपडी घातली. खोट्याची सुरुवात तिनेच केली होती. पहिल्याच दिवशी शेजारणींनी विचारलं तेव्हा तिच्याच तोंडून निघालं होतं, "छातीत कळ आली." आणि त्याच्याही आधी, हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर पोलिसांनी जबाब लिहून पुढे सरकवला तेव्हा नाना तिच्या कानाशी म्हणाले होते, "सही कर, बॉडी लवकर मिळंल." तिने केली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की माझा कोणावरही संशय नाही आणि माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. अशा वेळी सगळेच ही ओळ लिहून देतात. आत पोर थंड पडलेलं असताना दारात कोण वाद घालत बसणार? गुणवंती पन्नाशीत साक्षरता वर्गाला जाऊन लिहायला-वाचायला शिकली होती. तिला वाचायला येत होतं, पण तिने वाचलं नाही.

आता संशय होता. संशय कसला, नावच होतं. निमेश सर.

प्रफुल्ल रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये हाऊसकीपिंगला होता. त्याच जागेवर पूर्वी गिरणी होती, त्याचा बाप हयात असताना तिथेच कामाला जायचा. निमेश त्या टॉवरचा मॅनेजर. बत्तिसाव्या मजल्यावरच्या बाईंची हिऱ्याची अंगठी हरवली आणि त्या दिवशी त्या मजल्यावर प्रफुल्लची ड्युटी होती, एवढंच निमित्त. निमेशने त्याला लॉबीत उभं केलं. आधी बूट काढायला लावले, मग मोजे, मग युनिफॉर्मचा शर्ट, मग बनियन. लोक लिफ्टची वाट बघत उभे होते, ते बघत राहिले. त्याचा व्हिडिओ काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला, बाकीच्यांना वचक बसावा म्हणून. दोन दिवसांनी अंगठी बाईंच्याच बाथरूममधल्या कपाटात सापडली. ते मात्र ग्रुपवर कुणी टाकलं नाही.

त्यानंतर प्रफुल्ल तीन आठवडे कामावर गेला. घरात बोलेना. ताट पुढ्यात तसंच राही. डॉक्टरला दाखवावं, कुणाशी तरी बोलतं करावं, हे कुणाला सुचलं नाही. होईल आपोआप ठीक, असं सगळे म्हणत राहिले. मग एका सकाळी टॉवरच्या तळघरात, पंपरूममध्ये, तो मेलेला सापडला.

व्हिडिओ प्रफुल्लच्या मोबाईलमध्ये होता. एक मिनिट चाळीस सेकंद. गुणवंतीने तो इतक्या वेळा बघितला होता की तिला तो डोळे मिटूनही दिसायचा. त्यात निमेश दिसत नाही, नुसता आवाज येतो. "इन लोगों का यही है. ऊपर से भोले." आणि मोबाईल धरणाऱ्याचा एक घोगरा आवाज, "प्रफुल्ल, जरा इकडे बघ रे."

हा घोगरा आवाज तिला कार्ड आल्याच्या तिसऱ्या दिवशी चाळीच्या जिन्यातच भेटला.

ती दुधाची पिशवी घेऊन वर येत होती. पायरीवर एक माणूस भिंतीला टेकून बसला होता, अंगात गार्डचा निळा शर्ट. "बाजूला हो रे बाबा," ती म्हणाली, आणि तो म्हणाला, "सॉरी काकी."

ती तिथेच थांबली. "परत बोल."

"काय?"

"तूच तो. 'जरा इकडे बघ रे' म्हणणारा."

त्याने मान खाली घातली. रघू त्याचं नाव. तिलाच भेटायला आला होता, पण दार वाजवायचं धाडस झालं नव्हतं. वरळी कोळीवाड्यातला. घरची होडी होती, भाऊ अजून मासेमारीला जायचा. रघूला मात्र पाण्यावर गेलं की उलट्या व्हायच्या म्हणून तो गार्ड झाला. कोळ्याच्या पोराला समुद्र लागतो, यावरून प्रफुल्ल घरी येऊन किती हसायचा.

"सरांनी मोबाईल हातात दिला, काकी. बोलले, तूच काढ, तुझाच दोस्त आहे ना."

"आणि तू काढलास."

"काढला."

"आणि पोरगा सापडला कुणाला?"

"मलाच." रघूने तळहात गुडघ्यांवर घासले. "मी सहाच्या राऊंडला खाली गेलो. त्या दिवशी पोलीस गेल्यावर संध्याकाळी सर बोलले, पंप चालू कर, वर लोकांना पाणी नाही. मी बोललो, सर दुसऱ्या कुणाला पाठवा. बोलले, पिक्चर मत बना. मी गेलो. चालू केला. आता रोज जातो. घरी झोप लागली की तोच पंप वाजतो कानात. बायको सांगते, मी झोपेत उठून बटण शोधतो."

गुणवंतीने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. सगळ्या ताकदीनिशी दिली. दुसऱ्या हातातली पिशवी निसटून पायरीवर फुटली. रघूने गालाला हातसुद्धा लावला नाही.

"वर चल," ती म्हणाली. "कोरा चहा घे. माझं काम आहे तुझ्याशी."

कार्ड द्यायला टॉवरवर ती स्वतः गेली. नवी साडी नेसली. गेटवर अर्धा तास उभं केलं, तेवढा वेळ उभी राहिली. निमेश खाली आला. चाळिशीचा, स्वच्छ दाढी केलेला, हातात दोन मोबाईल. गुणवंतीने हात जोडले. हात जोडताना तिच्या बोटांना कंप सुटला होता. तो रागाचा होता. त्याला तो दुःखाचा वाटला.

"साहेब, पोरगा तुमचं नाव फार घ्यायचा. तुम्ही आलात तर त्याच्या आत्म्याला, म्हणजे आम्ही आत्मा मानत नाही, पण आम्हाला बरं वाटेल. दोन शब्द बोला त्याच्याबद्दल."

निमेशने कार्ड वाचलं. 'अल्पशा आजाराने' या शब्दांवर त्याचा अंगठा क्षणभर थांबला आणि त्याचा चेहरा सैल झाला. ती ते बघत होती. आपल्या मुलाच्या मरणाचं खोटं कारण वाचून हा माणूस सुटकेचा श्वास टाकतोय, हे तिने अगदी जवळून पाहिलं.

"जरूर येणार, माँजी. कमिटीकडून पण हार आणतो."

"आणा की. मोठा आणा."

रविवारी विहार भरला होता. पुढे बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि बाजूला प्रफुल्लचा फोटो. फोटोत तो हसत होता. ऑफिसच्या ओळखपत्रासाठी काढलेला फोटो मोठा करून आणला होता. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष सतरंजीवर आणि मागे खुर्च्यांवर. तिसऱ्या रांगेत कल्याणची माणसं. नाना त्यांच्याच शेजारी पाणी विचारत बसले होते.

निघायच्या आधी गुणवंतीने प्राचीला सगळं सांगितलं होतं. पोरगी एका लॅबमध्ये काउंटरला बसायची, दिवसभर लोकांच्या रिपोर्टांची पाकिटं द्यायची. ऐकून घेतलं तिने. वेणी घालता घालता म्हणाली, "आये, बोलायचं तर माईक तोंडाजवळ धर. तुला लांब धरायची सवय आहे. मागं ऐकू जात नाही."

बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील दिलं. मग सीताराम उठला. सीताराम म्हणजे चाळीचा कायमचा सूत्रसंचालक. बेस्टमधून रिटायर झालेला, आवाज असा की विनामाईकही गल्लीच्या टोकाला जाईल. अशा सभेत तो नाव पुकारतो आणि ज्याचं पुकारलं त्याला उठावं लागतं. फुलं वाहायची, दोन शब्द बोलायचे. गेलेल्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. आणि आई बोलत नाही. आई पहिल्या रांगेत बसते आणि तिच्याकडे बघून बाकीचे बोलतात.

मामा बोलला. मंडळाचा अध्यक्ष बोलला. गावशाखेचा चिटणीस जरा जास्तच बोलला. गुणवंतीने सीतारामच्या हातात आधीच एक चिठ्ठी दिली होती. त्याने ती उघडली.

"आता मी विनंती करतो, कालकथित प्रफुल्ल जिथे निष्ठेने सेवा बजावत होते, त्या टॉवरचे मॅनेजर, आदरणीय निमेश सर यांना. त्यांनी आदरांजलीपर दोन शब्द बोलावेत."

निमेश उठला. हार खरंच मोठा होता, खाली टॉवरच्या नावाची पट्टी. फोटोला घालताना फोटोच तिरका झाला. तो माईकपाशी आला.

"नमस्कार. माझी मराठी थोडी कच्ची आहे, सांभाळून घ्या. प्रफुल्ल आमच्या स्टाफमध्ये नाही, फॅमिलीमध्ये होता. एकदम मेहनती. एकदम प्रामाणिक मुलगा. असा माणूस मिळणार नाही. अचानक तब्येत बिघडली, आम्हाला पण शॉक बसला..."

गुणवंती उठली. बाजूच्या बाईने तिचा पदर धरला, तिला वाटलं घेरी आली. गुणवंतीने पदर सोडवून घेतला, चार पावलं गेली आणि निमेशच्या हातातून माईक घेतला.

"बसू नका, साहेब. इथेच थांबा. काय म्हणालात तुम्ही? कसा मुलगा?"

"माँजी, मी..."

"परत म्हणा. मागं ऐकू गेलं नाही." तिने माईक त्याच्या तोंडाशी धरला.

"प्रामाणिक," निमेश म्हणाला. लोकांना वाटलं, आईची माया. दोन-तीन बायकांनी डोळ्याला पदर लावला.

"रघू, घेतलंस?"

मागच्या भिंतीपाशी रघू मोबाईल उंच धरून उभा होता. मोबाईल हलू नये म्हणून त्याने दुसऱ्या हाताने मनगट पकडलं होतं. "घेतलं, काकी."

"टाक. ज्या ग्रुपवर ते टाकलं होतं, त्याच ग्रुपवर हेही टाक." मग तिने माईक स्वतःच्या तोंडाजवळ घेतला, अगदी ओठांना लागेल इतका. "माझा मुलगा आजाराने गेला नाही. कार्डावर लिहिलंय ते खोटं आहे. ते खोटं पहिलं मी बोलले. त्याने स्वतःचा जीव घेतला."

"वैनी!" नाना ताडकन उठले. "वैनी, माईक ठेव!"

"भावजी, खाली बसा."

"तुला कळतंय का कोण बसलंय इथं?"

"सगळे बसलेत. म्हणूनच सांगते. हा माणूस प्रामाणिक म्हणाला, तुम्ही ऐकलंत. ह्याच माणसाने त्याला लॉबीत उभं करून अंगावरचे कपडे काढायला लावले. चोर म्हणून. अंगठी घरातच सापडली. तेव्हा प्रामाणिक म्हणायला ह्याच्या तोंडाला काय झालं होतं? तेव्हा ग्रुपवर दोन शब्द टाकायला ह्याची बोटं झडली होती?"

विहार ढवळून निघाला. पोरं उठली. निमेश हात पुढे करून म्हणाला, "देखिये, प्रोसिजर होता है, मैंने अकेले ने नहीं, कमिटी का प्रेशर था," पण ते कुणाच्या कानावर गेलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "ह्याचे उतरवा कपडे! इथंच उतरवा!" आणि मग ते चारी बाजूंनी आलं. दोघे-तिघे सतरंजी तुडवत पुढे आले. एकाने निमेशची कॉलर धरली.

दहा दिवस गुणवंती हेच बघत आली होती. पोळी भाजताना, नळावर, गर्दीत, एकटीत. त्याचे बूट, त्याचे मोजे, मग शर्ट. तिने मनातल्या मनात एकेक बटण काढलं होतं. आता निमेशचा हात आपोआपच वरच्या बटणावर गेला होता, ते झाकायला की काढायला, कळत नव्हतं. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. तिने त्याला तसंच राहू दिलं. घाई केली नाही. एक मिनिट चाळीस सेकंद झाले नसतील, पण तिच्या परीने तिने पुरेसं बघून घेतलं.

मग ती माईकमध्ये म्हणाली, "सोडा त्याला. हात लावू नका."

"मावशी, तुम्ही बाजूला व्हा!"

"हात लावलात तर उद्या पोलीस तुम्हाला उचलतील आणि हा फिर्यादी होईल. मला तसा नको. मला हा अख्खा पाहिजे. कपड्यांसकट, नावासकट, कागदावर."

पोरांनी सोडलं. विहाराच्या दाराशी चपलांचा ढीग होता. निमेश वाकून आपले बूट शोधू लागला. चाळीतली सगळी माणसं त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती आणि कुणी एक चप्पलसुद्धा बाजूला सरकवली नाही. एक बूट मिळाला. दुसरा मिळेना. शेवटी तोही टाकून तो मोज्यांवरच रस्त्यावर गेला. एक म्हातारी म्हणाली, "जपून हो, साहेब, काचा असतात," आणि हशा पिकला.

गुणवंती हसली नाही. तिच्या छातीतला कढ जरासा बसला होता, पण विझला नव्हता.

दहाच मिनिटांत रघू तिच्याजवळ आला. "काढलं मला," तो म्हणाला. मोबाईल दाखवत होता. "उद्यापासून येऊ नको असा मेसेज आलाय. ग्रुपमधून पण काढलं. पण त्याच्या आधी चाळीस जणांनी बघितलं होतं."

"पस्तावतोस?"

"घरी काय सांगू ते बघतोय." त्याने खांदे सैल सोडले. "पंपरूममध्ये जायला नको आता, काकी. एवढं खरं."

"चौकीत येशील? जबाब द्यायला?"

"येतो. मोबाईल मी धरलेला, ते पण सांगीन."

नाना कल्याणच्या माणसांच्या मागे रस्त्यापर्यंत गेले होते. एकटेच परत आले. पंगतीत वाढायला लागले, आणि वाढताना डाळ ताटाबाहेर सांडत होती. प्राची त्यांच्या हातातून बादली घेऊन म्हणाली, "काका, द्या इकडे. नसेल जमायचं तर नसेल. जेवा तुम्ही."

राधाबाई शेवटच्या पंगतीनंतर आली. शेजारची, सत्तरी ओलांडलेली. ताटात भात, बटाट्याची भाजी, बुंदी घेऊन गुणवंतीच्या शेजारी भिंतीला टेकली.

"खा दोन घास."

"भूक नाही."

"आमच्या ह्यांच्या कार्डावर पण तेच होतं," राधाबाई म्हणाली.

गुणवंतीने तिच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं होऊन गेली असतील. गिरणी बंद झाल्यावर राधाबाईचा नवरा घरीच असायचा, आणि एक दिवस गेला. चाळ छातीतलीच कळ म्हणत आली होती आणि चाळीला सगळं ठाऊक होतं.

"मग तेव्हा उठली का नाहीस तू?" गुणवंतीचा आवाज चढला. आज तिला कुणालाच सोडायचं नव्हतं. "तेव्हा तू उठली असतीस, तर आज मला ठाऊक असतं कसं उठायचं ते. मीही तसलं कार्ड छापून दिलं नसतं. कुणाचं नाव घ्यायचं होतं तुला? मालकाचं? युनियनवाल्यांचं?"

"माझंच," राधाबाई म्हणाली.

ती भात कालवत राहिली. "त्या सकाळी मी त्यांना म्हटलेलं, बायको धुणी-भांडी करते आणि तुम्ही जिन्यात बसून पत्ते कुटता. एवढंच. रोजच म्हणायचे मी. त्या दिवशी पण म्हटलं. तेवढ्यानं कुणी मरत नाही, हे मला कळतं. पण अजून पत्त्यांचा आवाज आला की मी खिडकी लावते." तिने घास तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. "तू काय म्हणालेलीस त्याला?"

समोर पोरं सतरंज्या गुंडाळत होती.

"अंगठी हरवल्याची बातमी आली त्या रात्री तो घरी आला," ती म्हणाली. "मी ताट वाढलं. आणि विचारलं. नुसतं विचारलं, राधाबाई. तू नाही ना रे घेतलीस?"

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, जेव, मी आपलं विचारलं."

राधाबाईने डाव्या हाताने तिचा गुडघा दाबला. प्रफुल्लच्या फोटोला मोठा हार अजून तिरका लोंबत होता. गुणवंतीने उठून तो काढला आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबला.

"उद्या जाणार चौकीत?" राधाबाईने विचारलं.

"दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहीन."

"तिथे विचारतात सगळं. घरात काय झालं होतं, कोण काय बोललं. मग?"

"सांगेन." गुणवंतीने ताट आपल्याकडे ओढलं. "माझं पण लिहून घ्या म्हणेन. पण आधी त्या निमेशचं लिहा. त्याचं संपूर्ण लिहून झाल्याशिवाय माझं एक अक्षर सांगायची नाही."